दातवाल्या बाईची पहिली वाइन

४ फेब्रुवारी, दुपारी

आज वाइन घेतली. दहा खोकी. पैसे पूर्ण देऊन मोकळा झालो. वाइन अजून लाकडी पिंपात आहे, बाटल्या सप्टेंबरात मिळणार. तोवर हातात फक्त पावती. परत आलो तर चिरंजीव आमच्या हॉटेलच्या गल्ल्यावर बसले होते. त्यांनी पावती उलटी करून मागची बाजू पण बघितली. मागे काय वाइन ठेवली असणार?

विकणारी म्हणजे आमची जुनी दातांची डॉक्टर. दवाखाना बंद करून गावाबाहेर द्राक्षाचा मळा घेतला, आता वाइन करते. ही तिची पहिलीच. मी तिला दातवाली म्हणतो. तिने पिंपातून नळीने थोडी काढली, ग्लास पुढे केला, म्हणाली काका आधी चाखून बघा, महाग आहे. मी म्हटलं नको. ग्लास फिरवायचा, नाक खुपसायचं, डोळे मिटायचे, ही सगळी थेरं. मी माल बघत नाही, माणूस बघतो. या बाईने माझी अक्कलदाढ काढली तेव्हा एक शब्द बोलली नाही. थोडंसंच दुखेल हं, असलं काही नाही. पकड घातली, दाढ बाहेर. अशा हाताची वाइन वाईट निघत नसते.

शिवाय मला सर्दी आहे. सर्दीत काय चाखणार?

५ फेब्रुवारी

घरात तोंडं फुगलेली. ते पैसे म्हणे हॉटेलच्या नव्या फ्रिजसाठी ठेवले होते. ठेवले होते, मान्य. पण जुना फ्रिज चालू आहे. कुरकुरतो, बस. मी पण कुरकुरतो, मला कुणी बदललं का? बायको भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, विचार चालू आहे.

मेहुणा नेहमीप्रमाणे संध्याकाळी खिडकीजवळच्या टेबलावर फुकटचा चहा प्यायला आला. म्हणाला, भावोजी, चप्पल घेताना दुकानात चार फेऱ्या मारून बघता, आणि वाइन न चाखता? मी म्हटलं चप्पल पायात घालायची असते. तो म्हणाला, मग वाइन कुठे घालणार? उत्तर सुचलं होतं, पण गिऱ्हाईक बसलं होतं.

ठरवलं: सप्टेंबरपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही. बाटली उघडेल, तोंडं बंद होतील.

२२ फेब्रुवारी, पहाटे

पाय दुखतात. तरी पाच वाजता खाली. हे हॉटेल माझ्या चमच्यावर चाललंय. प्रत्येक पातेलं मी चाखतो, मी मान हलवली की बाहेर जातं. चमचा माझ्या खिशात असतो, दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. भटारखाना सूनबाई बघते, हात चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण आज म्हणाली, बाबा, चाखायचं काम आता माझ्याकडे द्या, कालचं सूप खालून लागलं होतं आणि तुम्ही पाठवलंत. मी म्हटलं, सूप लागलं असतं तर मला कळलं नसतं? ती काही बोलली नाही. मोठ्या आवाजात काही बोलली नाही.

सर्दी अजून आहे. गेल्या हिवाळ्यात ताप आला, तेव्हापासूनची. चिवट आहे. उद्यापासून वाफ घेणार.

११ मार्च

वाफ घेतली नाही. वेळ कुणाला आहे?

दूध करपलं. मी शेजारीच उभा होतो, पेपर वाचत. वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यातून धावत खाली आले, काय जळतंय, काय जळतंय. मला काही जाणवलं नाही. वरच्या मजल्यावरच्यांना नाक मोठं आणि काम थोडं. पातेलं घासून घासून सूनबाईचा हात दुखला म्हणे. घासणीच हलकी आणली होती, मी सांगितलं होतं.

३ एप्रिल

ही परवापासून बोलत नाही. ताट आपटत नाही, पण हळू ठेवते, ते जास्त वाईट. शेवटी चिरंजीवांना विचारलं. म्हणाले, बाबा, परवा लग्नाचा वाढदिवस होता. आईने नवीन सेंट लावलं होतं. तुम्ही जेवताना तिच्या शेजारी बसलात, दोनदा तिच्याकडे वळलात, आणि म्हणालात नळाचा वॉशर गेलाय.

वॉशर गेलाच होता.

तरी संध्याकाळी मुद्दाम म्हटलं, सेंट छान आहे. ती बघत राहिली. म्हणाली, आज लावलेलंच नाही. मग राग गेला तिचा, कसा कोण जाणे. पण तेव्हापासून माझ्याकडे डॉक्टरसारखी बघते. रागावलेली परवडली.

१९ मे

दातवालीचं पत्र. वाइन सध्या रुसली आहे, तिला वेळ द्यावा लागेल, थोडी काळजी वाटते. वाइनला रुसायला काय झालं? पैसे मी भरले, फ्रिज माझा कुरकुरतोय, आणि रुसायचं हिने. उलट टपाली लिहिलं: लाड करू नका. बंद करून ठेवा. आपोआप सरळ होते.

पत्र मेहुण्याला दाखवायला नको होतं. आता रोज विचारतो, भावोजी, वाइन बोलायला लागली का?

८ जून

सूनबाईला स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलातून बोलावणं आलंय. पगार बरा, आठवड्याची सुट्टी, आणि तिथे म्हणे मुख्य स्वयंपाकीच चाखतो. सप्टेंबरअखेर उत्तर द्यायचं आहे. सरळ माझ्यासमोर येऊन सांगितलं, मागून नाही, हा गुण आहे तिच्यात. म्हणाली, बाबा, मला जायचं नाहीये. पण बिघडलेलं बाहेर जातं आणि शिव्या माझ्या हाताला बसतात. चमचा द्या, मी राहते.

मी म्हटलं, चमचा देऊन मी काय करू?

त्यावर ती म्हणाली, बसा ना थोडं.

बसा! म्हणजे काय ते मला कळतं. बसलेल्या माणसाला घरात कोण विचारतं? आधी खुर्ची देतात, मग खुर्ची कोपऱ्यात सरकवतात.

चिरंजीवांना विचारलं, तुझं म्हणणं काय. त्यांनी आधी तिच्याकडे बघून मान हलवली, मग माझ्याकडे बघून. मानेचा व्यायाम चांगला होतो त्यांचा.

ती जाणार नाही. नुसती धमकी आहे.

१४ जुलै

आज जरा झालं.

फ्रिज पहाटे कधीतरी बंद पडला होता. मला काय माहीत, कुरकुर थांबली तर मी म्हटलं सुधारला. माशांचं कालवण मीच चढवलं, सूनबाई बाजारात गेली होती. चाखलं, मीठ बरोबर, तिखट बरोबर, म्हटलं जाऊ दे बाहेर. तेवढ्यात ती पिशव्या घेऊन आली. दारातच थांबली. पिशव्या तिथेच टाकल्या, पातेलं उचललं आणि मागच्या अंगणात ओतलं. मला न विचारता. म्हणाली, बाबा, कुणाला वाढलं? मी म्हटलं अजून नाही. तर खाली बसली, ओल्या फरशीवर, आणि रडायला लागली.

मासे टाकल्याचं मला पण वाईट वाटलं, पण रडण्यासारखं काय?

अंगणात मांजर आलं, कालवण हुंगलं आणि निघून गेलं. मांजरांचे सुद्धा हल्ली फार लाड झालेत.

फ्रिज दुरुस्त करून घेतला. दुरुस्तीवाला म्हणाला, आजोबा, याला आता नमस्कार करा. मी म्हटलं तू आधी आजोबा म्हणायचं बंद कर.

३ सप्टेंबर

बाटल्या आल्या! दहाही खोकी कोठारात लावली, मीच उचलली. कंबर गेली. पण काय रंग! उजेडासमोर धरली तर बाटलीत दिवा लावल्यासारखी. बाटलीवर तिचं नाव छापलंय, पुढे डॉक्टर वगैरे काही नाही. आवडलं. कोठाराला कुलूप, किल्ली माझ्याकडे.

ठरवलं: सत्तावीसला, रविवारी, जुन्या गिऱ्हाइकांना बोलवायचं. मी चार शब्द बोलणार, बाटली उघडणार. या हॉटेलात अस्सल माल कोण ओळखतो हे सगळ्यांना दिसेल. सूनबाईला पण दिसेल. मग स्टेशनजवळचं हॉटेल आपोआप विसरेल.

९ सप्टेंबर

दातवालीचा फोन. आवाज बसलेला. म्हणाली, काका, बाटल्या उघडू नका. वाइन बिघडली. सगळ्याच बाटल्यांना सडक्या अंड्यासारखा वास येतोय. माझ्याच हातून चूक झाली. तुमचे पैसे पूर्ण परत देते, खोकी घेऊन जाते, माफ करा.

मी ऐकून घेतलं. म्हटलं, विचार करून सांगतो.

इतकी वर्षं धंदा केला. माल बिघडलाय असं विकणारा स्वतःहून फोन करून सांगतो, वर पैसे परत करतो, हे मी आजवर ऐकलेलं नाही. म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. साधा हिशोब आहे: कुणीतरी मोठा व्यापारी आला, त्याने वाइन चाखली, डोळे पांढरे झाले, दुप्पट भाव बोलला. आता हिला माझी खोकी परत पाहिजेत. दाढ काढली तशी वाइन काढून घ्यायला निघाली. पण दाढ दुखत होती म्हणून दिली. वाइन का देऊ?

१० सप्टेंबर, सकाळी

उगाच कुणावर आळ नको, म्हणून स्वतः खात्री केली. कोठारात जाऊन एक बाटली उघडली. ग्लासात ओतली. नाक घातलं, पार टोक बुडेपर्यंत.

वास नाही. अंड्याचा नाही, द्राक्षाचा नाही, कशाचाच नाही. एकदम स्वच्छ.

खोटारडी.

तेवढ्यात ही जिन्यावरून ओरडली, अहो, गटार तुंबलं का? म्हटलं नाही. तरी चिरंजीवांना काठी घेऊन पाठवलं. त्यांनी गटार उघडलं, ढोसलं, बंद केलं. साफ होतं. उरलेली बाटली मी बूच दाबून मागे ठेवून दिली. या घरात माणसांना सतत कसले ना कसले वास येत असतात.

१८ सप्टेंबर

दातवाली टेम्पो घेऊन दारात. वाळली आहे, डोळ्यांखाली काळं. मी कुलूप उघडलं नाही. म्हणाली, काका, एक तरी उघडलीत का? म्हटलं उघडली. वास घेतलात? घेतला. आणि? म्हटलं, फर्स्ट क्लास. तुमचा व्यापारी कोण आहे त्याला सांगा, माल विकला गेलाय.

तिला व्यापारी कळला नाही. कळला नाही असं दाखवलं.

मग माझ्याकडे बघत राहिली, तोंड उघडायला सांगण्याआधी बघायची तशी. हळूच विचारलं, सर्दी कधीपासून आहे? मी म्हटलं, तुमचं खातं दातांचं, नाकाचं नाही. ती म्हणाली, काका, दुसऱ्या कुठल्या वाइनसाठी तुम्ही एवढं भांडला असतात तर मला बरं वाटलं असतं. ही वाइन माझी आहे, मला ती नाकाजवळ धरवत नाही. तुम्ही कुणाला प्यायला देऊ नका, माझं नाव आहे त्यावर.

टेम्पो रिकामा गेला. जाताना ही आणि ती फाटकाशी बराच वेळ बोलत होत्या. ही परत आली ती डोळे पुसत. विचारलं काय झालं, तर म्हणाली धूळ.

सूनबाई आज शांत होती. तिच्या खोलीत बॅग खाली काढलेली दिसली. झाडझूड करत असेल.

२८ सप्टेंबर

काल दमलो, म्हणून आज लिहितोय. आज पण दमलोच आहे.

काल पाच वाजता सगळे जमले. पोस्टमास्तर आले, शिंपी आणि त्याची बायको आली, मेहुणा नवीन शर्ट घालून आला. ही सकाळपासून म्हणत होती, अहो, नुसता चहा करू या. ऐकलं नाही. टेबलावर पांढरी चादर घातली. उभा राहून चार शब्द बोललो: लोक चाखून घेतात, कारण त्यांना माणूस ओळखता येत नाही. मी न चाखता घेतली. मेहुण्याने टाळी वाजवली, एकच.

सहा बाटल्या एकदम उघडल्या. ग्लास भरले.

आधी शिंप्याची बायको उठून खिडकीजवळ गेली. मग शिंपी पण गेला. पोस्टमास्तरांनी ग्लास नाकापर्यंत नेला आणि लांब धरला, दुसऱ्याचं मूल कडेवर आल्यावर धरतात तसा. विचारलं, आज गटाराचं काही काम काढलंय का? चिरंजीव लगेच काठी घ्यायला निघाले. मी ओरडलो, गटार साफ आहे! वास घ्या! असा सुगंध तुमच्या सात पिढ्यांनी घेतला नसेल!

पोस्टमास्तरांनी ग्लास टेबलावर ठेवला.

मी माझा ग्लास उचलला, नाकाशी धरला, चांगला लांब श्वास घेतला आणि म्हटलं, वा. सगळे माझ्याकडे बघत होते, वाइनकडे नाही. मेहुण्याकडे बघितलं, आता काहीतरी बोलेल, बोलला तर निदान भांडता येईल. तो खाली मान घालून शर्टाचं बटण चाचपत होता. तीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा गप्प.

तेव्हा ही उठली. माझ्या हातातला ग्लास घेतला आणि उभ्यानेच सगळा प्यायली. डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, चांगली आहे हो. बसा तुम्ही आता.

मी बसलो.

लोक अंत्यदर्शन घेतल्यासारखे हळूहळू निघून गेले. पोस्टमास्तर खांद्यावर हात ठेवून गेले. खांद्यावर हात ठेवण्यासारखं काय झालं होतं, ते कुणीच बोललं नाही.

सूनबाईने भटारखान्यात बोलावलं. म्हणाली, बाबा, डोळे मिटा. मी म्हटलं, मी परीक्षा द्यायला आलेलो नाही. म्हणाली, माझ्यासाठी. मिटले. तिने नाकाजवळ काहीतरी धरलं. मग दुसरं काहीतरी. विचारलं, कॉफी कुठली? मी म्हटलं पहिली. विचारलं, नक्की? मी म्हटलं, मग दुसरी.

डोळे उघडले तर एका हातात फिनेलची बाटली, दुसऱ्या हातात पण फिनेलची बाटली.

मी म्हटलं, ही फसवणूक आहे. ती म्हणाली, हो बाबा. आणि माझा हात धरला. तिचे हात गार होते, भांडी घासून.

२९ सप्टेंबर

पाय फार दुखतात. पाच वाजता उठणं आता होणार नाही, असं माझं मीच ठरवलं. चमचा सूनबाईच्या ओट्यावर ठेवून आलो. पायामुळे.

तिने स्टेशनजवळच्या हॉटेलला नकार कळवला. बॅग माळ्यावर गेली. चिरंजीवांनी या वेळी एकदाच मान हलवली.

नाकाच्या डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जायचं आहे. हिने परस्पर ठरवलं. फाटकाशी तेच चाललं होतं म्हणे.

दातवालीला फोन केला. मी म्हटलं, तुमची वाइन चांगली नाही. ती म्हणाली, हो काका. मग म्हणाली, पैसे आणून देते, वाइन तिथेच ओतून टाका, फक्त रिकाम्या बाटल्या परत द्या, पुढच्या वर्षी लागतील. मी विचारलं, पुढच्या वर्षी परत करणार? म्हणाली, दवाखान्याची खुर्ची तर विकून टाकली, दुसरं काय करू?

३० सप्टेंबर, दुपारी

बाटल्या ओततोय. मागच्या अंगणात, गटाराच्या तोंडाशी. मध्ये पाठ टेकायला बसलो, म्हणून हे लिहितोय.

सकाळी चिरंजीवांनी सुरुवात केली होती. एक बाटली ओतली आणि भिंतीला धरून ओकले. मेहुणा मदतीला आला, फाटकातूनच परत गेला. वरच्या मजल्यावरच्यांनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. सूनबाईने भटारखान्याचं मागचं दार बंद करून फटीत फडकं कोंबलं. कुणाला जमत नाही. मला जमतं. बूच काढायचं, वाकडी करायची, थांबायचं. घाई केली तर गुडगुड करून अंगावर उडते.

मघाशी ही आली. तोंडाला रुमाल बांधून, हातात स्टूल. मला वाटलं माझ्यासाठी आणलं. स्वतःच बसली, शेजारी. मी म्हटलं, तू आत जा, वास येत असेल.

म्हणाली, येतोय.

आणि बसून राहिली. अर्धी खोकी अजून बाकी आहेत.